पाच मिनिटांचा माहितीपट, पस्तीस मिनिटांचा तास

सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत आता भिंतीवर टीव्ही लागलाय. कुठे ग्रामपंचायतीनं दिलेला, कुठे लोकवर्गणीतून आलेला, कुठे गावच्या मुंबईकर मंडळानं पाठवलेला. वापर मात्र बहुतेक ठिकाणी एकाच तऱ्हेनं होतो. धडा संपला, वेळ उरला, व्हिडिओ लावला. मुलं शांत बसतात, व्हिडिओ संपतो, घंटा होते. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय पाहिलं, तर ‘लय भारी होतं सर’ एवढंच हाती येतं.

माहितीपट हा वर्गात आलेला साक्षीदार आहे. त्यानं जे पाहिलंय ते आपल्या मुलांनी पाहिलेलं नाही आणि एरवी कधी पाहणारही नाहीत, म्हणून त्याला बोलवायचं. पण उलटतपासणी मुलांनी करायची आणि तिची तयारी शिक्षकानं. विज्ञान आणि जगभरच्या लोकांचं जगणं या दोन्हींसाठी छोटे माहितीपट वापरताना ही तयारी कशी करायची, ते इथं क्रमानं लिहितोय. पाचवी ते दहावीचे वर्ग डोळ्यांसमोर आहेत. साधनं बेताचीच धरली आहेत: एक टीव्ही किंवा प्रोजेक्टर, एक मोबाइल, एक स्पीकर आणि कधी असणारं, कधी नसणारं नेट.

आधी प्रश्न, मग शोध

सर्चमध्ये ‘गुरुत्वाकर्षण व्हिडिओ’ असं टाकलं की शेकडो निकाल येतात आणि त्यातला पहिला, रंगीत, संगीतवाला आपण उचलतो. त्याऐवजी वहीत आधी एक प्रश्न लिहा. तो असा हवा की त्याचं उत्तर फळ्यावर दाखवता येत नाही, प्रयोगानं वर्गात मिळत नाही आणि गावात चालत जाऊनही दिसत नाही. हवाच नसेल तर पीस आणि हातोडा एकदम पडतील का? वनस्पती किडा पकडते तेव्हा नेमकं काय हलतं? लोखंड न वापरता माणसं दरीवर पूल कसा बांधतात? असा प्रश्न असेल तर व्हिडिओ शोधा. बीजांकुरण, चुंबक, पाण्याची वाफ या गोष्टी मुलांनी हातानंच करायच्या. त्यांचे व्हिडिओ दाखवणं म्हणजे हातातला घास काढून त्याचं चित्र देणं.

लांबीबद्दल माझं मत ठाम आहे: तीन ते सहा मिनिटं. एडएक्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या लाखो पाहण्यांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ सहा मिनिटांच्या पुढे गेला की लोकांचं लक्ष सुटत जातं, असं त्यात दिसलं. ती स्वतःहून नाव नोंदवलेली माणसं होती. आपल्याकडची सातवीची मुलं जेवणाच्या सुट्टीनंतर बसलेली असतात. व्हिडिओ चाळीस मिनिटांचा असेल तर त्यातला चार मिनिटांचा तुकडा घ्या. पूर्ण दाखवलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

तीनदा बघून निवडा

निवडलेला व्हिडिओ घरी तीनदा बघा. पहिल्यांदा जसा आहे तसा, सलग. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा चित्र न बघता, फक्त आवाज ऐकून.

तिसरी फेरी सगळ्यांत उपयोगाची. नुसतं ऐकून सगळं कळलं, तर चित्र काही कामच करत नाही. ते भाषण आहे, आणि भाषण तुम्ही स्वतः मराठीत त्याहून चांगलं करू शकता. असा व्हिडिओ सोडून द्या. उलट आवाज बंद असतानाही डोळे पडद्यावर खिळले आणि मनात ‘हे असं का?’ उठलं, तर तोच तुमचा व्हिडिओ.

बघताना कागदावर मिनिट आणि सेकंद टिपत जा. थांबायच्या जागा दोन किंवा तीनच ठेवा. काही तरी घडणार आहे, पण अजून घडलेलं नाही, अशी जागा थांबायला सर्वांत चांगली. शिकारीचं दृश्य, रक्त, देवाधर्माबद्दल उथळ बोलणं, मध्येच येणारी जाहिरात, हे सगळं याच फेऱ्यांत कळतं. वर्गात पहिल्यांदाच उघडलेला व्हिडिओ कधीही लावू नये.

कुठून घ्यायचे

विज्ञानासाठी मी सर्वांत आधी नासाकडे जातो. तिथली बहुतेक दृश्यं शिक्षणासाठी मोकळी आहेत आणि कितीतरी फिती निवेदनाशिवायच्या आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवण्याच्या छोट्या फिती केल्या, त्यांतल्या पुष्कळ मराठीतही आहेत. बघून झाल्या की मुलं लगेच करायला बसतात, हा त्यांचा मोठा गुण. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आहेतच. त्यांतलं सगळंच उत्तम नाही, पण धड्याशी जोडलेलं असतं.

संस्कृतींसाठी युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीचं संकेतस्थळ फार थोड्या शिक्षकांना माहीत आहे, याची मला खंत वाटते. यादीतल्या परंपरांबरोबर तिथं छोटे माहितीपट असतात, बहुधा दहा मिनिटांच्या आतले, आणि त्यांत त्या त्या समाजाची माणसं स्वतः बोलताना दिसतात. पर्यटकांनी केलेल्या व्हिडिओंपेक्षा हे कितीतरी पटीनं सरस.

कायद्याची भीती बाळगू नका, पण तो माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणासाठी सवलती आहेत. शाळेच्या उपक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं प्रेक्षक असतील तर चित्रफीत दाखवण्याला त्यात मुभा आहे. तीच फीत कापून स्वतःच्या चॅनेलवर चढवणं मात्र वेगळं आणि चुकीचं. वर्गात दाखवताना ही फीत कुणी केली, ते मुलांना सांगायचं आणि फळ्यावर लिहायचं.

खोली, वीज, आवाज

जिथं परवानगी आहे तिथून फाइल आदल्या रात्रीच उतरवून घ्या आणि पेनड्राइव्हवर ठेवा. टीव्हीला बहुधा एमपी-फोर चालते, बाकीच्या प्रकारांची खात्री नसते. म्हणून शाळेच्याच टीव्हीवर एकदा लावून बघा. संगणक असेल तर व्हीएलसी हा फुकटचा प्लेयर घाला. त्यात ‘ई’ हे बटण दाबलं की चित्र एकेक चौकट पुढे सरकतं. याचा उपयोग पुढे येतोच.

खिडक्यांना सतरंजी किंवा काळं कापड पुरतं. आवाजाकडे मात्र जास्त लक्ष द्या. मागच्या रांगेला शब्द ऐकू गेले नाहीत की गडबड तिथूनच सुरू होते. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या पत्र्याच्या शाळांत जुलैमध्ये स्पीकर काय, स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. त्या महिन्यांत निवेदन नसलेल्या फिती घ्या. माणदेशात उलटी अडचण, फेब्रुवारीनंतर उजेड इतका की पडद्यावर काही दिसत नाही. तिथं सकाळच्या शाळेचा पहिला तास धरा.

तास कसा घ्यायचा: चंद्रावरचा हातोडा

एक पूर्ण तास उलगडून सांगतो. दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण. त्यासाठी मिनिटभरही न चालणारी एक फीत आहे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेचा प्रमुख डेव्हिड स्कॉट यानं चंद्रावर उभं राहून एका हातातून १.३२ किलोचा हातोडा आणि दुसऱ्या हातातून ३० ग्रॅमचं ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं.

टीव्ही लावायच्या आधी वर्गात एक नाणं आणि कागदाचा कपटा सोडा. नाणं आधी पडतं, सगळ्यांनी पाहिलं. मग तोच कागद चुरगळून घट्ट गोळा करा आणि पुन्हा सोडा. मुलं चपापतात, कारण वजन तर तेवढंच आहे. आता विचारा, चंद्रावर काय होईल? प्रत्येकानं वहीत लिहायचं आणि कारणही लिहायचं. इथं घाई करू नका. तीन मतं येतात: हातोडा आधी, दोन्ही एकदम, आणि ‘दोन्ही तरंगतील, चंद्रावर गुरुत्वाकर्षण नसतंय’. तिन्ही फळ्यावर लिहा आणि कुणाचं बरोबर ते सांगू नका.

हे आधी लिहून घेणं मला व्हिडिओपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ मध्ये पूर्ण केलेल्या पीएचडीत पदार्थविज्ञानाच्या व्हिडिओंचाच अभ्यास केला. नुसतं स्वच्छ, सरळ स्पष्टीकरण देणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना ‘एकदम सोपा’ वाटला, पण त्यांच्या उत्तरांत फारसा फरक पडला नाही. ज्या व्हिडिओत चुकीच्या समजुती उघडपणे मांडून त्यांच्याशी झटापट केली होती, तो त्यांना गोंधळाचा वाटला, पण शिकणं त्यातून जास्त झालं. मुलाच्या डोक्यात आधीपासून एक उत्तर असतं. ते बाहेर काढलं नाही, तर व्हिडिओ पाहूनही ते तसंच राहतं. मुलाला वाटतं, आपल्याला जे माहीत होतं तेच दाखवलं.

आता फीत लावा. स्कॉटचे दोन्ही हात वर आहेत, तिथं थांबवा. “मत बदलायचंय कुणाला?” मग सोडा. दोन्ही एकदम पडतात. वर्ग ओरडतो, ओरडू द्या. लगेच दुसऱ्यांदा दाखवा, कारण पहिल्या वेळी मुलं निकाल बघतात आणि दुसऱ्या वेळी घटना बघतात. यावेळी प्रत्येक रांगेला वेगळं काम द्या. एका रांगेनं फक्त पीस बघायचं, ते हेलकावे खातं का? दुसरीनं हातोडा. तिसरीनं पडायला लागलेला वेळ मनात मोजायचा. पाहताना लिहायला लावू नका. मान खाली गेली की दृश्य गेलं.

तिसऱ्या वेळी चौकटी मोजा. व्हीएलसीत ‘ई’ दाबत हातोडा सुटल्यापासून जमिनीला लागेपर्यंत किती चौकटी जातात ते मोजायचं आणि सेकंदाला किती चौकटी आहेत त्यानं भागायचं. उंची १.६ मीटर धरली आणि चंद्रावरचं गुरुत्वत्वरण १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग घेतलं, तर वेळ सुमारे १.४ सेकंद येतो. पृथ्वीवर तेवढ्याच उंचीवरून ०.५७ सेकंद. जुनी फीत, धूसर चित्र, त्यामुळे उत्तर थोडं इकडेतिकडे येणारच, आणि त्यावरही बोलता येतं. धड्यातलं सूत्र इथं पहिल्यांदा खऱ्या घटनेला लागतं. ‘तरंगतील’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला आता शिक्षकाची गरज नसते. पडलं म्हणजे ओढणारं काही तरी आहे.

उरलेल्या दहा मिनिटांत वहीत तीन रकाने पाडा: ‘डोळ्यांनी दिसलं’, ‘निवेदकानं सांगितलं’, ‘कळलं नाही’. कुठल्याही विषयाच्या कुठल्याही माहितीपटानंतर हे तीन रकाने भरायचे. पहिले दोन वेगळे करता येणं हीच उलटतपासणी. तिसरा रिकामा ठेवायची परवानगी नाही.

वेळ आणि आकार: कासच्या दोन वनस्पती

माहितीपट बघताना मुलांची सगळ्यांत मोठी फसगत वेळेबद्दल आणि आकाराबद्दल होते. कळी चार सेकंदांत फुलते, कोळी टीव्हीएवढा दिसतो. ही दिशाभूल उघडी करून दाखवायला साताऱ्यासारखी जागा नाही. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली समाविष्ट झालेलं कासचं पठार साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, आणि तिथं किडे खाणाऱ्या दोन वनस्पती जवळजवळ उगवतात: दवबिंदू आणि सीतेची आसवं. जांभ्याच्या खडकावरची माती इतकी पातळ आणि निकस की नत्राची कमतरता त्या किड्यांतून भरून काढतात.

दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असलेले केस असतात. किडा चिकटला की केस हळूहळू त्याच्याकडे वाकतात. याला बहुधा काही मिनिटांपासून काही तास लागतात. फितीत ते काही सेकंदांत दिसतं, कारण कॅमेऱ्यानं थांबून थांबून चित्रं घेतलेली असतात. सीतेच्या आसवांचं अगदी उलट. निळ्याजांभळ्या फुलाखाली, ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर काढून आत दाब कमी करून ठेवते. दारावरच्या केसाला सूक्ष्म जीव लागला की दार आत वळतं आणि पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आसपास घडतं, म्हणजे डोळ्याला दिसणं शक्यच नाही. ते दाखवायला सेकंदाला हजारो चित्रं घेणारा कॅमेरा लागतो आणि मग फीत संथ करावी लागते.

दोन्ही फिती पाठोपाठ दाखवा आणि एवढंच विचारा: यातली कुठली वनस्पती जास्त चपळ? पडद्यावर दोघी सारख्याच वाटतात. मग खरे वेळ फळ्यावर लिहा. तिथून पुढे वर्गात एक नियम करून टाका: कुठलाही निसर्गाचा माहितीपट पाहिला की मुलांनी विचारायचं, ‘याला खरोखर किती वेळ लागतो? हे खरोखर केवढं आहे?’ उत्तर फितीत नसेल तर शिक्षकानं शोधून आणायचं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सहल नेणार असाल तर फिती आधी दाखवा. पायाखाली काय आहे हे माहीत असलेली मुलं पठारावर पाय जपून टाकतात. पिशव्या बघायला झाड उपटायचं नाही, ते काम फितीनं केलंय.

भाषा

चांगल्या फितींपैकी बऱ्याच इंग्रजीत असतात, आणि इंग्रजी निवेदन लावून वर ‘समजलं का?’ विचारण्यात अर्थ नाही. खालची अक्षरं वाचायला लावली तर मुलं अक्षरं वाचतात, चित्र राहून जातं. सरळ आवाज बंद करा आणि स्वतः बोला. आदल्या दिवशी निवेदन लिहून काढा, मिनिटाला शंभराहून जास्त शब्द नकोत. चित्र बोलत असेल तिथं गप्प राहा. ‘आता सिंह चालत आहे’ असं सांगायची गरज नसते.

सराव झाला की हे काम मुलांना द्या. आवाज बंद केलेली दोन मिनिटांची फीत, चार-चार जणांचे गट, आणि प्रत्येक गटानं तिचं मराठी निवेदन लिहून वर्गासमोर बोलायचं. धडा समजलाय की नाही हे याहून स्वच्छ दाखवणारी परीक्षा मी पाहिलेली नाही. ज्याला केस का वाकतात ते कळलं नाही, त्याच्या निवेदनात नेमकी तिथं पोकळी दिसते. आणि ते त्यांच्या बोलीत आलं तर येऊ द्या. ‘किडा चिकाटला की पान त्याला गुंडाळतंय’ यात विज्ञान पुरेपूर आहे.

फीत एक सांगते, आपली जमीन दुसरं

भूकंपाच्या जवळजवळ प्रत्येक फितीत सांगतात की भूकंप भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यांच्या, कडांवर होतात. जपान दाखवतात, चिली दाखवतात, नकाशावर लाल ठिपक्यांची रेघ दाखवतात. ती फीत दाखवा, आणि मग त्याच नकाशावर कोयनानगर शोधायला लावा. ते कुठल्याच कडेवर नाही. तरीही ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथं ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसं गेली. मग फीत खोटी की कोयना?

दोन्ही खरी. फीत सर्वसाधारण गोष्ट सांगते, कोयना तिला अपवाद आहे. धरणाच्या जलाशयाचं पाणी आणि त्याचा भार यांमुळे आधीच ताणाखाली असलेल्या भेगा सरकतात, असं शास्त्रज्ञ मानतात. जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचं कोयना हे जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण. त्याच अभ्यासासाठी कोयनेच्या परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खोदलं गेलं आणि कराडजवळ त्यासाठी प्रयोगशाळा आहे. मुलांना घरचा अभ्यास द्या: आजी-आजोबांना त्या पहाटेबद्दल विचारा. भांडी पडली का, घराबाहेर किती दिवस झोपलात, आवाज कसा होता? पाटण आणि कराड तालुक्यांत असं सांगणारी माणसं अजून आहेत. फितीच्या तिसऱ्या रकान्यातल्या प्रश्नांना उत्तरं कधी कधी अशी घरातूनच येतात.

दूरच्या माणसांबद्दल शिकवताना

इथं सगळ्यांत जास्त काळजी लागते. विज्ञानाची फीत चुकली तर एक संकल्पना चुकते. माणसांची फीत चुकीच्या रीतीनं दाखवली तर मुलं हसतात, आणि तो हसण्याचा सूर पुढे बरीच वर्षं टिकतो. कुणी कच्चं मांस खातं, कुणाच्या अंगावर गोंदण आहे, ‘ई, कसले हायत हे लोक!’ हे ऐकू आलं की समजावं, फीत फार लवकर लावली.

म्हणून सुरुवात नेहमी आपल्याकडून करायची. फळ्यावर प्रश्न लिहा: एकट्यानं होत नाही असं कोणतं काम गावात सगळे मिळून करतात? इर्जिक येते, सावड येते, जत्रेचा भंडारा येतो. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ मध्ये श्रमदानाच्या जोरावर पहिल्याच ‘वॉटर कप’ या जलसंधारण स्पर्धेचं बक्षीस घेतलं, ते बहुतेकांना ठाऊक असतं. पंधरा मिनिटं हेच बोला. मग पेरूमधल्या क्वेस्वाचाका पुलाची फीत लावा.

आपुरिमाक नदीच्या घळीवर हा झुलता पूल आहे, पूर्ण गवताचा. इंका काळापासूनची रीत पाळून आसपासचे चार समाज दरवर्षी एकत्र येतात, जुना पूल काढतात आणि तीन दिवसांत नवा बांधतात. घराघरातून गवताच्या बारीक दोऱ्या वळून आणायच्या, त्यांचे जाड दोर, त्या दोरांचे त्याहून जाड नाडे. शेवटी जेवण आणि नाचगाणं. २०१३ मध्ये युनेस्कोनं या परंपरेला आपल्या यादीत घेतलं. इर्जिकीबद्दल नुकतंच बोललेली मुलं हे बघून हसत नाहीत, ओळखतात. त्यांचे प्रश्नही बदलतात: ‘ज्याच्या घरात माणूस नाही त्यानं दोरी कशी द्यायची?’ ‘सरकार लोखंडी पूल का बांधत नाही?’ दुसरा प्रश्न तर फारच चांगला आहे. जवळ आधुनिक पूल असतानाही लोक गवताचा पूल का टिकवतात, यावर नववीचा वर्ग अख्खा तास बोलू शकतो.

मग हात चालवा. घायपाताचा वाख किंवा नारळाचा काथ्या आणा. बेंदराला बैलांसाठी दावं, कासरा, चऱ्हाट वळणारी जुनी माणसं गावात असतात, त्यांना वर्गात बोलवा. एक पदर, तीन पदर, नऊ पदर, अशी प्रत्येक दोरी बादली बांधून लोंबकळत ठेवायची आणि लिटरच्या मापानं पाणी ओतत जायचं. एक लिटर म्हणजे एक किलो. दोरी तुटली तो आकडा लिहायचा. संस्कृती आणि विज्ञान असे दोन वेगळे तास करायची गरजच राहत नाही.

दुसरं एक उदाहरण माण, खटाव, फलटणच्या शाळांसाठी. आल्प्स आणि भूमध्य समुद्राकाठच्या मेंढपाळांचं ऋतूप्रमाणे स्थलांतर २०१९ मध्ये ऑस्ट्रिया, ग्रीस आणि इटली यांच्या नावे युनेस्कोच्या यादीत आलं. मेंढरांचे कळप उन्हाळ्यात डोंगरावर आणि थंडीत खाली, वाटेत कुत्री, घोडे, ठरलेले मुक्काम. या भागातल्या वर्गात अशी एखादी तरी मुलगी असते जिच्या घरचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतो आणि पावसाच्या तोंडावर परततो. एरवी ती मागे बसते आणि शाळा बुडते म्हणून बोलणी खाते. त्या दिवशी वर्गातली जाणकार तीच असते. मेंढी लंगडली तर काय करतात, रात्री राखण कोण करतं, शेतात मेंढरं बसवली तर शेतकरी काय देतो, हे इटलीच्या फितीत नसलेलं सगळं ती सांगते. मात्र तिला अचानक उभं करू नका. आदल्या दिवशी एकटीला विचारा, चालेल का? नको म्हणाली तर विषय तिथंच सोडा.

आणि फीत संपल्यावर हा प्रश्न हमखास ठेवा: परदेशातलं कुणी आपल्या गावात पाचच मिनिटं शूट करायला आलं, तर काय दाखवेल? बावधनच्या मुलांना बगाड आठवतं, शिराळ्याच्या मुलांना नागपंचमी. मग विचारा, त्यात काय राहून जाईल? शाळा, दूध डेअरी, उसाची तोड, क्रिकेट, एसटीची वाट बघणं. म्हणजे आपणही पेरूच्या त्या माणसांचं काय काय पाहिलेलं नाही? हा धागा मुलं स्वतः पकडतात.

कॅमेऱ्यामागे कोण

आठवीपासून पुढच्या मुलांना माहितीपट कसे घडवले जातात हेही दाखवायला हवं. १९२२ चा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा जगातल्या सुरुवातीच्या गाजलेल्या माहितीपटांतला एक. त्यात बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड आणि जागा मिळेना, म्हणून घर अर्धं उघडं बांधलं होतं. त्यातली इन्युइट, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातली, माणसं तोवर बंदुका वापरत होती, पण पडद्यावर जुन्या पद्धतीनं भाल्याची शिकार दाखवली. १९५८ च्या डिस्नेच्या एका निसर्गपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी स्वतःहून कड्यावरून उड्या टाकताना दिसतात. ते दृश्य कॅनडात मुद्दाम घडवून आणलेलं होतं, पण लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात ही समजूत जगभर पसरली. ही दोन उदाहरणं पुरेत. नंतर कुठलीही फीत बघताना मुलं विचारतात, ‘कॅमेरा कुठं ठेवला असंल? त्या माणसाला माहीत होतं का?’ रात्रीच्या अंधारातलं दृश्य इतकं उजळ कसं, हा प्रश्न पाचवीतलं मूलही विचारू शकतं.

मुलांच्या हातात मोबाइल

शेवटची पायरी म्हणजे स्वतः फीत करणं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘अंकुराची वाढ’ नावाची मिनिटभराची फीत केली होती. कुंडीत वाटाणा पेरून कॅमेरा समोर ठेवला आणि दररोज थोडं थोडं चित्रण करत गेले. आपल्या देशातल्या विज्ञानचित्रणाची सुरुवात एका मराठी माणसाच्या घरात, कुंडीतल्या वाटाण्यापासून झाली, हे प्रत्येक मुलाला माहीत असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तेच आज जुन्या मोबाइलवर होतं. मटकी किंवा हुलगा काचेच्या ग्लासात, ओल्या टिपकागदाच्या आणि काचेच्या मध्ये ठेवा. मोबाइलची जागा खडूनं आखून घ्या, पुस्तकांची तीच चळत, तेच अंतर. शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि सुटताना, असे दिवसाला तीन फोटो. दहा दिवसांत तीस फोटो होतात, सेकंदाला पाच लावले तर सहा सेकंदांची फीत. खिडकीचा उजेड दर वेळी वेगळा येतो, म्हणून पाठीमागे पांढरा पुठ्ठा लावा. ग्लास पंधरा अंशांनी तिरका केला तर मूळ काचेला चिकटून वाढतं आणि स्पष्ट दिसतं. सुट्टीच्या दिवशी फोटो राहिला तर अंकुर मध्येच उडी मारतो. तो तसाच ठेवा आणि मुलांना ओळखायला लावा, रविवार कुठला?

हे जमलं की दुसऱ्या शाळेशी देवाणघेवाण करा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याच जिल्ह्यात दहिवडीला पाचशेच्या आसपास. एकेका बाजूच्या शाळेनं ‘आमच्याकडचं पाणी’ या विषयावर दोन मिनिटांची फीत करायची: पाणी कुठून येतं, कोण भरतं, पावसाळ्यात दार कसं झाकतात, उन्हाळ्यात टँकर कधी येतो. मोबाइल आडवा धरायचा, एक दृश्य निदान दहा सेकंद हलवायचं नाही, वाऱ्यात बोलायचं नाही. ज्यांचे चेहरे दिसणार त्या मुलांच्या पालकांची लेखी परवानगी घ्यायची, आणि फीत कुठल्याही सार्वजनिक चॅनेलवर टाकायची नाही. पेनड्राइव्ह शिक्षण परिषदेच्या दिवशी हातोहात द्यावा. समोरच्या शाळेची फीत आली की वहीत तेच तीन रकाने पाडायचे आणि ‘कळलं नाही’ मधले प्रश्न पत्रानं त्या मुलांनाच पाठवायचे.